पहिल्या क्रूझची बॅग कशी भरलीत? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही पाच जण मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर निघालोय: आई, नवरा, दोन मुलं आणि मी. आमच्या घरात समुद्र म्हणजे नागपूरचा अंबाझरी तलाव, फार तर फुटाळा. दुरंतोने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, इतकंच ठरलंय. सध्या दिवाणावर कपड्यांचा डोंगर आहे. नवरा म्हणतो, लग्नाला निघाल्यासारखं भरू नकोस. आई म्हणते, असू दे, लागलं तर? याद्या मला ढीगभर मिळाल्या, त्या नकोत. काय उगाच वाहिलं आणि काय राहिलं म्हणून हात चोळत बसलात, ते सांगा.

धरमपेठेतून

मोठी बॅग बंदरावरच हातातून जाते, हे आधी डोक्यात पक्कं करा. ती नंतर कॅबिनच्या दाराशी आणून ठेवतात, पण केव्हा, ते सांगता येत नाही. आम्ही दुपारी एक वाजता बॅगा दिल्या. आमची आली रात्री साडेआठला. सासऱ्यांचं इन्सुलिन त्यातच होतं, कारण ‘नीट राहील’ म्हणून मीच ते स्वेटरच्या घडीत ठेवलं होतं. जेवणाचा हॉल सातला उघडला. बाबा समोर ताट घेऊन बसले आणि काकडीच्या चकत्या तेवढ्या खात राहिले. नवरा दर दहा मिनिटांनी कॅबिनपर्यंत जाऊन यायचा. शेवटी आमची कॅबिन बघणारा मुलगा खाली जाऊन बॅग शोधून घेऊन आला. त्याला मी आयुष्यभर विसरणार नाही.

तोवर मुलं पोहण्याच्या तलावाशी उभी राहून रडत होती, पोहायचे कपडेही त्याच बॅगेत. आणि आम्ही सगळे रेल्वेत रात्रभर चुरगळलेल्या कपड्यांत. म्हणून आता आमची पाठीवरची सॅक अशी भरते: सगळी औषधं, ओळखपत्रं, एक-एक बदलायचा कपडा, पोहायचे कपडे, चार्जर. पंचे नेऊ नका, जहाजावर मिळतात.

प्रतापनगर, निवृत्त शिक्षिका

मी गेले तेव्हा देव घेऊन गेले. म्हणजे छोटा बाळकृष्ण, निरांजन, फुलवातींची डबी आणि उदबत्तीचा पुडा. सोबत सुनेची प्रवासी इस्त्री आणि माझी चहाची विजेची किटली. बाकी सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी नाही. कळलं की ती सुरक्षावाल्यांनी खाली अडवून ठेवली आहे. तिथे रांगेत माझ्यासारखे दहा-बारा जण, प्रत्येकाच्या बॅगेत इस्त्री नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही, म्हणून तापणारं आणि पेटणारं काहीही कॅबिनमध्ये चालत नाही. तिथल्या मुलीने इतक्या हळुवारपणे निरांजन कागदात गुंडाळून पावती केली, की मला रागही धरता येईना. बाळकृष्ण मात्र परत दिला. चार दिवस देवाने नुसत्या नमस्कारावर भागवलं.

इतवारीतून, थोडक्यात

कॅबिनच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे हुक न्या, सहा-आठ. ओल्या चड्ड्या, टोप्या, पर्स, सगळं भिंतीवर. आमच्या कॅबिनमध्ये चौघांना एक कपाट होतं आणि रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या होत्या. म्हणून मऊ, दबणारी बॅग बरी.

मानेवाडा

आमचा ग्रुप सिंगापूरहून गेला होता. एक मित्र खर्ऱ्याशिवाय पाच मिनिटं राहत नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने बारा पुड्या मोज्यात कोंबल्या. मी म्हटलं, ‘अबे, तिथं चघळायची तंबाखू बंद आहे, च्युइंगम पण नाही चालत.’ तर म्हणे, ‘मोज्यात कोण पाहून राहिलं बे?’ बायकोने ऐकलं आणि नागपूर विमानतळावरच सगळा माल कचरापेटीत. पुढचे पाच दिवस तो बडीशेप खात फिरला आणि आमच्याशी बोलला नाही.

कामाचं सांगतो: साधं मनगटी घड्याळ न्या. आमचं जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत होतं. फुकेतला उतरलो, मोबाईलने आपोआप थायलंडची वेळ धरली, म्हणजे एक तास मागे. आम्ही निवांत नारळपाणी पीत होतो. जहाज किनाऱ्यापासून लांब उभं, ने-आण छोट्या बोटींतून. शेजारच्या टेबलावरचे गुजराती काका ‘छेल्ली बोट!’ म्हणून ओरडत पळाले म्हणून आम्ही पळालो. आणि समुद्रात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं की बिल बघून चक्कर येते. ती चक्कर समुद्राची नाही.

हुडकेश्वर रोड

धागा काढणाऱ्या ताई, तुम्ही लक्षद्वीपला चाललात म्हणून मुद्दाम लिहिते. मोठं जहाज बेटाला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून अगत्तीला जावं लागतं. बोट वर-खाली होत असते आणि दोन माणसं हाताला धरून पलीकडे घेतात. मी कॉटनची साडी नेसले होते. एक पाय जहाजात, एक बोटीत, आणि निऱ्या वाऱ्यावर! आईंना पंजाबी ड्रेस घालायला लावा, नाही म्हणाल्या तरी. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यात, प्रवाळाने तळवे कापतात. आणि मुलांना आधीच सांगा, प्रवाळाचा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्यालाही लागू आहे.

दुसरं म्हणजे आपली नागपूरची सवय. इथे मे महिन्यात गच्चीवर टाकलेली जीन्स बघता बघता पापड होते. त्या हिशोबाने मी कपडे कमी नेले, रोज धुऊन वाळवू म्हणून. तिथे रुमाल दोन दिवस ओला. बाल्कनीत वाळत घालू देत नाहीत. तेव्हा पटकन वाळणारे सिंथेटिक कपडे न्या. जीन्स एकच, अंगावरची. शाल हवीच, आतला एसी फार गार असतो.

मेडिकल चौकाजवळून

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. डोकं गरगरायला लागल्यावर घेतलेली आमच्या पोटात टिकलीच नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार! इस्त्री निघाली, तीन जीन्स निघाल्या, किटलीवरून थोडं भांडण झालं. औषधांची पिशवी मी स्वतःच्या खांद्यावर घेणार. आईला निरांजनाची गोष्ट वाचून दाखवली. तिने मुकाट्याने निरांजन बाहेर काढलं. मग म्हणाली, ‘फुलवाती राहू दे, नुसत्या. त्या कुठे पेटल्यात अजून?’