तीन पायऱ्या आणि अरुंद बाथरूम : व्हीलचेअरसाठी रॅम्प किती लांब घ्यावा?

इंदिरानगर_तळमजला
नाशिकला इंदिरानगरात जुन्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर फ्लॅट आहे. आईची व्हीलचेअर हाताने फिरवायच्या रिंगांसकट २५ इंच रुंद. इमारतीच्या दाराशी ६-६ इंचांच्या तीन पायऱ्या. समोर गेटपर्यंत १२ फूट, डावीकडे भिंतीलगत २४ फूट जागा. तिथे दुचाक्या लागतात. गवंडी म्हणतो, पायऱ्यांवरच ८ फुटी उतार ओतून देतो. चालेल का? शिवाय बाथरूमची चौकट २६ इंच, पण दार उघडल्यावर मोकळे २४च उरतात.

मापपट्टी
८ फुटी उतार अजिबात ओतू देऊ नका. एकूण चढ १८ इंच. दर इंचाला बारा इंच लांबी धरली की १८ फूट होतात, त्याहून कमी नको. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. १८ फुटांवर ढकलणाऱ्याला साधारण साडेसात किलोचा जोर लागतो, ८ फुटांवर सोळा-सतरा किलोचा. तेवढ्या चढावर पुढची चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे कलंडू शकते, आणि उतरताना ओल्या फरशीवर ढकलणाऱ्याचेच पाय सरकतात.

तुमची भिंतीलगतची जागा नेमकी पुरते : १८ फूट रॅम्प, खाली वळायला ५ फूट. दुचाक्या मात्र हलवाव्या लागतील. वर दारापुढचा ओटा किमान ५ बाय ५ सपाट हवा. कमी असेल तर गेटच्या बाजूला वाढवा. दार उघडताना खुर्ची उतारावर उभी राहता कामा नये. रुंदी ४ फूट घ्या. मोकळ्या कडेला ३ इंचाची कड उचला, नाहीतर पुढचं चाक घसरून खाली जातं. दोन्ही बाजूंना दीड इंची पाइपचा कठडा हवा, आणि तो रॅम्पच्या दोन्ही टोकांना फूटभर पुढे न्या.

पायऱ्या फोडू नका. कुबड्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या बऱ्याच जणांना उतारापेक्षा पायरी सोपी जाते.

मुरूम_खडी
वरची मापं बरोबर आहेत. आपल्याकडे रॅम्प बिघडतो तो बहुतेक वेळा जमिनीमुळे. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर्षभरात रॅम्प आणि ओटा यांच्यामध्ये फट पडून अर्धा-पाऊण इंचाची पायरी तयार होते. सहा इंची पुढचं चाक तिथेच अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून दीड-दोन फूट माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा, त्यावर ४ इंच काँक्रीट. ओट्याशी जोड पक्का करू नका. अर्धा इंच सांधा सोडून लवचीक सीलंट भरा. सात दिवस पाणी मारायचंच.

वर पॉलिश केलेला कोटा किंवा गुळगुळीत टाइल बसवू नका. काँक्रीट ओलं असतानाच खराटा उताराला आडवा ओढा. चौकड्यांची टाइलही नको, तिच्यावर पुढची चाकं थरथरतात. तळाशी पाण्याची जाळी टाकाल तर पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या ठेवा आणि फट अर्ध्या इंचाहून मोठी नको.

नहाणी_ते_कमोड
बाथरूमचं दार काढून बाहेरच्या भिंतीवर सरकतं दार लावा, पूर्ण २६ इंच मिळतील. घडीचं पीव्हीसी दार नको, त्याची घडी चौकटीतच जागा खाते. आत उघडणारं दार तर धोक्याचंच : माणूस आत पडला तर बाहेरून उघडता येत नाही.

तरी २५ इंची खुर्ची २६ इंचांतून नेताना दोन्हीकडे अर्धाच इंच राहतो. आईंचे हात मांडीवर ठेवून मागून ढकला, नाहीतर बोटांची सालं निघतील. माझं मत विचाराल तर अंघोळीपुरती छोट्या चाकांची कमोड-चेअर वेगळी घ्या. घेताना तिची रुंदी टेपने मोजा. मुख्य खुर्ची रोज भिजली की बेअरिंग गंजतात.

आधाराचा दांडा म्हणून टॉवेल रॉड चालत नाही. दांडा सव्वा ते दीड इंच जाड हवा, भिंतीपासून अंतर दीड-दोन इंच. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग अंगाचा भार पडताच उपसून येतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी.

इंदिरानगर_तळमजला
खोदून पाहिलं, खाली काळी मातीच आहे. गवंड्याला थांबवलंय. दुचाक्यांच्या जागेवरून सोसायटीत कुरकुर होईल.

मापपट्टी
तोंडी बोलू नका. नकाशा, मापं आणि खर्च लावून अर्ज द्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चा उल्लेख करा. दुचाक्यांसाठी दुसरी जागा आखून त्याच नकाशात दाखवलीत तर बरीच कुरकुर तिथेच मिटते.

रॅम्प झाल्यावर एक नक्की पाहा. खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून धरतो. हवेच्या चाकात हवा उतरली की ब्रेक नुसता टेकतो, धरत नाही, आणि लोक ब्रेकचा नट आवळत बसतात. आधी टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरा, मग रॅम्पच्या मध्यावर खुर्चीत वजन ठेवून, मागे एक माणूस उभा करून ब्रेक तपासा.