झेड-८० बदलण्याआधी सॉकेट बघा

एका जुन्या सर्किट बोर्डाच्या पडद्यावर कचरा दिसतो आणि बोर्ड सारखा रिसेट होतो, म्हणून झेड-८० (त्याचा मुख्य प्रोसेसर) बदला, असा सल्ला दिला गेलाय. घाई नको. बोर्ड मालवणला पावसाळाभर पडून होता, म्हणजे पहिला संशय खाऱ्या हवेने गंजलेल्या सॉकेटवर (चिप ज्यात खोचतात तो साचा).

५ व्होल्ट सप्लायवर मोजू नका, झेड-८० च्या ११ (+५ व्होल्ट) आणि २९ (ग्राउंड) नंबरच्या पायांवर मोजा. ४.९ च्या खाली असेल तर एज कनेक्टरचे (बोर्डाच्या कडेच्या जोडाचे) पट्टे पांढऱ्या खोडरबराने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको. मुलामा गेला की उघडं तांबं आपल्याकडे लगेच हिरवं पडतं.

मग लॉजिक प्रोब (पायावरचा सिग्नल दाखवणारं पेनासारखं साधन) लावा. झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) हवा. २६ वर, म्हणजे रिसेटच्या पायावर, ठरावीक अंतराने पल्स दिसले तर बहुधा वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की बोर्ड रिसेट करणारं सर्किट) रिसेट देतोय, म्हणजे प्रोग्रॅम चालत नाहीये. बोर्ड बंद करून ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवलेल्या चिप) काढा, काळे पाय साफ करा (काचेच्या खिडकीवरचं स्टिकर मात्र राहू द्या), रीडरवर वाचून मूळ डेटाशी ताडून बघा. सॉकेट सैल असेल तर नवं टर्न्ड-पिन (गोल पिनांचं) सॉकेट बसवा.

ईप्रॉम बरोबर निघाले तरच रॅमच्या चिपकडे वळा. ती बदलताना पाय कापून एकेक सुटा काढा, अख्खी चिप उपटलीत तर ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) उखडतील.