जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आईच्या बटणाच्या फोनला कुठलं सिम घालू?

उद्यमबागचा टर्नर

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण दोन वर्षं सुटेना म्हणून इथं टाकतोय.

मी बेळगावात उद्यमबागेत टर्नर. आई गावी एकटीच. खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून गोव्याकडं कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की खाली उतरणारी एक मातीची वाट आहे, त्या वाटेवर शेवटचं घर आमचं. घर खोलात, समोर डोंगर, मागं काजू. बेळगावला चल म्हटलं की ती म्हणते म्हैस कोण बघणार, आणि तिथं विषय संपतो.

तिच्याकडं जुना बटणाचा फोन आहे. हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच तिला कळतं, म्हणून एकच्या आकड्यावर माझा नंबर लावून दिलाय. मी फोन केला की दहातनं सात वेळा तीच बाई बोलते: 'नीवु करे माडिद चंदादाररु व्याप्ती प्रदेशद होरगिद्दारे.' म्हणजे समोरचा रेंजच्या बाहेर आहे. आता मला पाठच झालंय. माझं चार वर्षांचं पोरगं टीव्हीचा रिमोट कानाला लावून हेच म्हणत घरभर फिरतंय.

आतापर्यंत तीन सिमं झाली. पहिल्याला रेंज फक्त अंगणातल्या फणसाखाली. दुसरं भाच्यानं आणलं, ते त्या फोनात जिवंतच झालं नाही. तिसरं चंदगडच्या मावसभावानं दिलं, महाराष्ट्राचं. ते मधेच गोव्याचा टॉवर धरतंय आणि मधेच काहीच धरत नाही.

गेल्या आषाढात चार दिवस लाईट नव्हती. टॉवर पहिल्याच संध्याकाळी मेला. पाचव्या दिवशी सुट्टी टाकून भर पावसात गाडी हाणत गेलो, तर आई चुलीपुढं बसून काजूच्या बिया भाजत होती. वर मलाच म्हणाली, "कशाला आलास एवढ्या पावसातनं?"

कंपनीला तक्रार केली. दोन दिवसांनी मेसेज आला, तुमच्या भागातलं नेटवर्क समाधानकारक आहे. कुणाचं समाधान झालं कोण जाणे.

आणि एवढं करून दर अठ्ठावीस दिवसांनी १९९ रुपये. आई स्वतःहून फोन करत नाही, इंटरनेट तिला ठाऊक नाही. नुसतं इनकमिंग चालू राहायला एवढे पैसे? कुठली कंपनी घेऊ, कुणीतरी सरळ सांगा.

निपाणीची सून

दादा, दोन सिमं ठेवा, एक इकडचं आणि एक तिकडचं. मी निपाणीत राहते, सिम माहेरचं, कागलचं. २०१७ पासून देशात रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत, त्यामुळं सिम कुठल्या राज्याचं याला आता अर्थ नाही. माझा एकच फायदा: कस्टमर केअरला लावलं की मराठीत बोलतात. सासूबाईंच्या कर्नाटकच्या सिमवर कन्नड, हिंदी, इंग्लिश एवढंच येतं. त्या फोन माझ्याकडं देतात आणि म्हणतात, "बघ गं, काय म्हणतोय मेला."

खानापूर रिचार्जवाला

वहिनी, दोन सिमं म्हणजे दोन रिचार्ज. माणूस एका रिचार्जला रडतोय आणि तुम्ही त्याला दुसरा लावताय! धंदा माझा आहे, तरी मी हे सांगणार नाही.

टर्नर, कंपनी बघू नकोस. टॉवर बघ. ज्या गावात एकच टॉवर दिसतो तिथं टीव्हीवरची जाहिरात काय कामाची? बेळगावात खडेबाजारात सगळ्या कंपन्या सारख्याच पळतात. जांबोटीच्या पुढं कुणाचा टॉवर तुमच्या डोंगराच्या अलीकडं आहे एवढाच प्रश्न उरतो. आता तिन्ही सिमांचं एकेक करून सांगतो.

भाच्याचं सिम जिओचं असणार. जिओकडं २जी नाहीच, सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच ४जीवर. आईचा फोन २जीचा. म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक. सिमचा दोष नाही, फोनचाही नाही. जुन्या बटणाच्या फोनात एअरटेल, व्हीआय (म्हणजे व्होडाफोन-आयडिया), बीएसएनएल हीच चालतात, कारण यांचं २जी अजून चालू आहे.

चंदगडच्या सिमची गोष्ट आणखी गमतीची. मोबाईलच्या नकाशात देशाचे भाग पाडलेत, त्याला सर्कल म्हणतात, आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. तुमच्या पुढं चोर्ला घाट उतरला की गोवा. म्हणजे ते सिम तुमच्या घरात बसून पलीकडचा आपल्या सर्कलचा टॉवर शोधतंय, रेंज असो नसो. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ऑटोमॅटिक असतं ते मॅन्युअल कर आणि जवळचं निवड. फरक पडेल, पण थोडाच. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, टॉवरांना त्याचं काही नाही, ते ढगात मिसळून गेलेत.

आता पैशाचं. माझं दुकान २००३ चं. त्याच साली मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि लोकांनी फोन घ्यायचा धडाका लावला. त्याआधी आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, लोक नंबर बघून कट करायचे. दुकान काढलं तेव्हा पेंटरकडनं शटरवर नावं रंगवून घेतली होती: एअरटेल, स्पाइस, हच, सेलवन, रिलायन्स, टाटा. पुढं डोकोमो आणि एअरसेल जागा मिळेल तिथं घुसडली. रंग उडालाय, पण सकाळचं ऊन तिरकं पडलं की अजून वाचता येतंय. स्पाइस २००८ ला आयडियानं घेतली, हचची व्होडाफोन झाली, २०१८ ला आयडिया-व्होडाफोन एक झाली. म्हणजे माझ्या शटरवरच्या दोन वैरिणी आज एका घरात नांदतात. रिलायन्सचं (अनिल अंबानींची, जिओ नव्हे) २०१७ ला आटोपलं, एअरसेल २०१८ ला बुडाली, टाटाचं गिऱ्हाईक २०१९ ला एअरटेलकडं गेलं. उरल्या साडेतीन. अर्धी कोण ते विचारू नका, गिऱ्हाईक सगळ्यांचंच येतं माझ्याकडं.

जिओ आणि एअरटेल या दोघांकडंच देशातली चारातली तीन मोबाईल गिऱ्हाइकं आहेत. दोघंच उरले की भाव कोण पाडणार? बाजारात भाजीवालीसुद्धा शेजारणीकडं बघूनच दर सांगते.

पूर्वी लाइफटाइम म्हणून ९९९ चं कार्ड होतं आठवतंय? लोकांनी खरंच जन्मभराचं समजून घेतलं. २०१८ च्या अखेरीला कंपन्यांनी महिन्याला कमीत कमी ३५ चा रिचार्ज काढला, नाहीतर इनकमिंग बंद. तेव्हा एक आजोबा कार्डाचं कव्हर घेऊन माझ्याशी भांडायला आले होते. म्हणाले, "मी अजून मेलो नाही, मग माझा लाइफटाइम कसा संपला?" काय उत्तर देणार. पस्तीसचं वाढत वाढत जुलै २०२४ च्या दरवाढीत १९९ वर आलं. आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला तेरा महिने. तेरा गुणिले १९९ म्हणजे २,५८७.

तर ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांना नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, ज्याला नेट नको त्याला नुसत्या बोलण्याचा प्लॅन द्या, आणि तो वर्षभराचाही देता येईल. त्यावर २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलनं ३६५ दिवसांचा १,८४९ चा काढला, नेट नाही, फोन कितीही. वर्षाला सातशेच्या वर वाचतात आणि तेरा वेळा आठवण ठेवायची कटकट जाते. दर बदलत राहतात, दुकानात विचारून घे. आणि दुकानदार आपणहून सांगणार नाही. का ते मला विचार: वर्षाच्या एका रिचार्जपेक्षा गिऱ्हाईक तेरा वेळा पायरी चढलेलं बरं असतं.

करायचं काय ते सांगतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीन कंपन्यांची सिमं एका रविवारी मागून घे. घराच्या चारी कोपऱ्यांत, माजघरात, माळ्यावर, गोठ्यात फिरून आईच्याच फोनावर प्रत्येकाच्या दांड्या वहीत लिही. सकाळी एकदा, रात्री एकदा. ज्याच्या दांड्या जास्त, ती कंपनी. मग नंबर तोच ठेवून कंपनी बदल, म्हणजे पोर्ट कर.

निवृत्त, टेलिफोन खातं

रिचार्जवाल्यांनी बहुतेक सांगितलंच आहे. मी खात्यात एकतीस वर्षं काढली, जानेवारी २०२० च्या शेवटच्या दिवशी बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्तीत अठ्ठ्याहत्तर हजार जण एकदम बाहेर पडले त्यातला मी एक. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये चहा सांगायलासुद्धा माणूस उरला नव्हता.

खानापूरचा लँडलाइनचा कोड ०८३३६, चंदगडचा ०२३२०. मधे एक डोंगर, आकड्यांत मात्र दोन राज्यं. गंमत म्हणजे बेळगाव ०८३१ आणि गोवा ०८३२, पाठचे भाऊ. लँडलाइनमध्ये गोवा आमच्या मालिकेत, मोबाईलमध्ये महाराष्ट्राच्या पदरात. ज्यानं हे ठरवलं त्यानं चोर्ला घाट बघितला नसावा.

टर्नर, तुमच्या आईच्या फोनबद्दल एक सांगतो. सरकारनं जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांत ४जी न्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडं दिलं. जंगलपट्ट्यातल्या गावांना आशा तिथूनच आहे. शिवाय जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर दुसऱ्या कंपनीच्या सिमालाही ४जी मिळायची सोय केली आहे. पण हे सगळं ४जीचं. आईचा २जीचा फोन त्या टॉवरखाली नेऊन बसवला तरी दगडच. म्हणून आज ना उद्या ४जीचा बटणाचा सेट घ्यावाच लागेल. घेताना तो एकाच कंपनीच्या सिमाला बांधलेला नाही ना ते बघा, स्वस्तातले काही तसे असतात.

लाईट गेली की टॉवर मरतो याचं कारण बॅटऱ्या. नव्या असताना चांगल्या चालतात, जुन्या झाल्या की तासाभरात मान टाकतात, आणि त्या पावसात डिझेल घेऊन कणकुंबीच्या रस्त्याला कोण येतो? २०२४ च्या नियमांत नेटवर्क बंद राहिलं तर भरपाई आहे, पण अख्खा जिल्हा चोवीस तासांवर बंद पडला तर. एका गावाचं कुणी धरत नाही.

तक्रारीचं मात्र सोडू नका. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतला का? त्यावर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी ऐकत नाही, तिकडं पत्रं घालून तिकीट वाया घालवू नका. ग्राहक न्यायालय मात्र खुलं आहे, सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं.

खानापूर रिचार्जवाला

साहेब बरोबर. पोर्टचं एक राहिलं. १९०० ला मेसेज आईच्या सिमवरनंच जायला पाहिजे, तेव्हा फणसाखाली उभं राहून पाठव. कोड येईल तो चार दिवसच चालतो. आणि आईला दुकानात आणायला लागेल, ठसा द्यायला. भात लावून लावून आपल्या बायकांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन घेतच नाही. थोडं खोबरेल चोळून, पुसून, मग लावायचं. तरी नाही घेतलं तर फोटोवर करतो. दुपारी बारानंतर ये, सकाळी गर्दी असते.

उद्यमबागचा टर्नर

सगळ्यांना धन्यवाद. रविवारी जाऊन आलो. तीन सिमं गोळा केली, वही घेतली. आई माझ्या मागनं फिरत होती, शेजारणीला म्हणाली, "पोरगं पाणी बघायला आलंय, नारळ तेवढा हातात नाही."

माजघरात एकाचीही दांडी नाही. माळ्यावर एकाच्या दोन, पण तिथं आई चढणार कशी. शेवटी गोठ्यात दावणीच्या वरच्या झरोक्यात एका सिमाच्या सलग चार दांड्या, सकाळी आणि रात्रीही. गंमत म्हणजे ही कंपनी माझ्या यादीतच नव्हती. झरोक्याला खिळा मारला, कापडी पिशवी अडकवली, पिशवीत फोन. पुढच्या शनिवारी आईला घेऊन खानापूरला येतोय, बारानंतर. वर्षाचा प्लॅन लावून द्या. डॉकेट नंबर सापडलाय, अपील पण टाकतोय.

काल रात्री शेजाऱ्याच्या त्याच सिमवर आठ मिनिटं बोललो, एकदाही तुटलं नाही. आता एकच अडचण. फोन नेमका धारेच्या वेळी वाजला, म्हैस दचकली आणि पान्हा चोरला. आई म्हणतेय सातच्या आत फोन करू नकोस.

निपाणीची सून

आवाज बारीक करून ठेवा की दादा.

उद्यमबागचा टर्नर

वहिनी, मग आईला ऐकू येत नाही.