गणपूर्ती न झालेल्या वार्षिक सभेतील ठराव टिकतात का?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर):
आमच्या ४६ सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सायंकाळी ६ वाजता होती. साडेसहापर्यंत १४च सभासद आले, म्हणून अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि ७ वाजता तेथेच पुन्हा भरवून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च मंजूर करून घेतला. शिवाय आयत्या वेळी मांडलेला पुनर्विकासाचा विषयही हात वर करून संमत झाला. न आलेले सभासद आता सारेच बेकायदा ठरवत आहेत. मी सचिव आहे आणि इतिवृत्त मलाच लिहायचे आहे.

उत्तर १:
सचिवसाहेब, आपली संस्था सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे ना, हे आधी पाहावे. आपल्या नागपुरात पुष्कळ फ्लॅट स्कीम १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत आणि त्यांना स्वतःच्या घोषणापत्रासोबतच्या उपविधी लागू होतात. सहकारी संस्था असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ती संख्या गणपूर्तीसाठी धरतात; म्हणजे आपल्याला २० सभासद हवे होते. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत, तर त्याच दिवशी उशिरा भरणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, परंतु ती उशिराची वेळ मूळ सूचनेत नमूद केलेली असली पाहिजे.

उत्तर २:
वरील सवलत सूचनेत दिलेल्या विषयांपुरतीच समजावी. पुनर्विकासाची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी विशेष सभा बोलवावी लागते, तिला दोन तृतीयांश, म्हणजे आपल्याकडे ३१ सभासद हजर लागतात, आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची, म्हणजे २४ जणांची संमती लागते. ज्यांचे राहते घर पाडले जाणार आहे, त्यांच्या माघारी १४ जणांनी हा निर्णय घेणे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

उत्तर ३:
हिवाळी अधिवेशनात आपल्याच शहरात बसणाऱ्या २८८ सदस्यांच्या विधानसभेलाही संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे एक दशांश, म्हणजे २९ सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि ती नसल्यास कामकाज थांबवणे हे अध्यक्षांचे कर्तव्य मानले आहे. म्हणून सही करून निघून गेलेल्यांना विशेष सभेत हजर धरू नका. मतदानाच्या वेळी पुन्हा मोजणी करा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमची संस्था सहकारीच आहे. सूचनेची प्रत काढून पाहिली. तीत ७ वाजताच्या तहकूब सभेचा उल्लेख आहे आणि गच्चीचा विषयही आहे. तेवढा ठराव इतिवृत्तात घेतो. पुनर्विकासावर केवळ चर्चा झाल्याची नोंद करून विशेष सभेची सूचना काढण्याचा विषय समितीसमोर ठेवतो.