जर्मनीत नोकरी लागलीये, आधी एकट्याने जावं की सगळ्यांनी एकदम?

पहिलटकर_प्रवासी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे, श्टुटगार्टला एका कंपनीत नोकरी मिळालीये, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा-कामाचा परवाना) जायचंय आणि १ ऑक्टोबरला जॉइनिंग आहे. घरात बायको (ती पण नोकरी करते), चार वर्षांची मुलगी, आणि आईबाबा सांगलीला असतात, दोघंही सत्तरीच्या आसपास. कंपनीचा एचआर म्हणतो व्हिसाचं आम्ही बघतो, पण बाकी सगळं आपल्यालाच बघायचंय आणि जो भेटतो तो वेगळंच काहीतरी सांगतो. मला खरं तर सगळ्यांना बरोबरच न्यायचंय, मुलगी मला सोडून राहत नाही, पण तिथे घरच मिळत नाही असं ऐकतोय. फ्लॅट, गाडी, पीएफ, बँक यांचं काय करायचं तेही सुचत नाहीये. जे स्वतः गेलेत त्यांनी प्लीज सांगा, आधी कशाच्या मागे लागू?

राईन_काठचा
अभिनंदन! आधी घराच्या मागे लागा, बाकी सगळं त्यालाच अडकलेलं आहे. तिथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. ती नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो, तो नसेल तर कंपनी सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापते (नंतर परत मिळतो, पण पहिल्याच पगारात खड्डा पडतो). त्यामुळे सुरुवातीला महिना-दोन महिन्यांसाठी जी जागा घ्याल तिथे पत्ता नोंदवता येतो का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या, बरेच जण नाही म्हणतात.

दुसरं म्हणजे जाहिरातीतलं भाडं बघून हिशोब करू नका. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटेमध्ये हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं आणि वीज-इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं, कायदाच आहे तसा, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे तुम्हाला. बरीच घरं किचनशिवाय मिळतात, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले. हे माहीत नसेल तर माणूस दारातच हबकतो. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका, मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो म्हणाला की फसवणूकच समजा.

माझं स्पष्ट मत, आधी एकट्याने जा. प्रोबेशन बहुतेक सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. तेवढ्यात वहिनींची नोकरी आणि फ्लॅट दोन्ही सोडून बसू नका.

सातासमुद्रापार_ताई
दादा, वरच्या भाऊंचं घराबद्दलचं सगळं पटलं पण सहा महिने थांबा हे नाही पटलं. घराच्या अर्जात किती माणसं राहणार हे विचारतात, तुम्ही एकटे म्हणून छोटं घर घेतलंत तर फॅमिली आल्यावर परत शोधाशोध, परत डिपॉझिट. दोन-अडीच महिन्यांचं अंतर ठेवा, पण व्हिसाचे अर्ज सगळ्यांचे एकदमच टाका. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि तिथे गेल्यावर नोकरीची पूर्ण परवानगी असते. पण अट नाही म्हणून भाषा टाळू नका, वहिनींना आत्ताच ए-वन (जर्मनची पहिली पायरी) लावा, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहेच. तुम्ही ऑफिसात इंग्रजीवर निभावून न्याल हो, पण डॉक्टरकडे, बालवाडीत, शेजाऱ्यांशी बोलायची वेळ घरी असणाऱ्या माणसावर येते आणि भाषा नसेल तर ते माणूस आतल्या आत घुसमटतं, हे मी फार जवळून बघितलंय.

मुलीचं लसीकरणाचं कार्ड तारखा आणि डॉक्टरांच्या शिक्क्यासकट घ्या. तिकडे बालवाडीला किटा म्हणतात आणि गोवराची लस झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय प्रवेश नाही. किटाची वेटिंग लिस्ट मोठी असते, म्हणून पत्ता झाला की त्याच आठवड्यात नाव टाका.

हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचा घ्या. वहिनींची कमाई सुरू होईपर्यंत त्या आणि मुलगी तुमच्याच हप्त्यात कव्हर होतात. प्रायव्हेटवाले सुरुवातीला स्वस्त दाखवतात पण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा आणि परत सरकारीत येणं फार अवघड.

हिशोबी_माणूस
पैशाचं मी सांगतो. जॉइनिंग १ ऑक्टोबरला आहे ना, मग २८ सप्टेंबरच्या आत विमानात बसा. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहून नोकरीसाठी बाहेर गेलात तर त्या वर्षी इन्कम टॅक्सला तुम्ही अनिवासी धरले जाता आणि तिकडचा पगार इथे दाखवावा लागत नाही. दोन-तीन दिवस उशीर केलात तर ऑक्टोबर ते मार्चचा पगार इथल्या रिटर्नमध्ये येतो, दोन्ही देशांत करार आहे त्यामुळे डबल टॅक्स लागत नाही पण कागदपत्रांची कटकट वाढते. यंदा आधी परदेश दौरे झाले असतील तर दिवस मोजून सीएला दाखवा.

सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, ते तसंच चालवणं फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) नियमात बसत नाही. फ्लॅटचं भाडं एनआरओमध्ये येऊ द्या आणि तिकडून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खातं (अनिवासींचं परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडा, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवीन उघडता येत नाही.

आणि मोबाईल नंबर बंद करू नका!! बँक, आधार, डिमॅट सगळ्याचे ओटीपी त्यावर येतात. जायच्या आधी रोमिंग सुरू करून ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका.

पहिलटकर_प्रवासी
खूप खूप आभार सगळ्यांचे, २८ तारखेचं तर डोक्यातच नव्हतं. बायकोशी बोललो, मी पुढे जातो आणि घर मिळालं की त्या दोघी येतील असं ठरतंय. आईबाबांचं मात्र जीवाला लागून राहिलंय, कोणी काय व्यवस्था केलीये? आणि गाडी विकू का, तिकडे आपलं लायसन्स चालतं का?

सातासमुद्रापार_ताई
आईबाबांसाठी सांगलीतच एक माणूस ठरवा, चुलतभाऊ, शेजारी, कोणीही, पण जो रात्री दोनला फोन उचलेल आणि दहा मिनिटांत दारात येईल असा. आम्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मेडिक्लेमचा नंबर, डॉक्टरांचा फोन, रोजच्या गोळ्या आणि रक्तगट लिहून फ्रिजशेजारी टांगलाय, कारण ऐन वेळी बाबांना मोबाईलमध्ये शोधता येत नाही. फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच रजिस्टर करून टाका, तिकडून करायचं तर वकिलातीच्या फेऱ्या होतात. आणि बाबांचे बँकेचे व्यवहार तुमच्या फोनवरून होत असतील तर आत्तापासून त्यांना स्वतःला करू द्या, तुम्ही समोर असताना चुकले तर चालतंय.

राईन_काठचा
लायसन्स पत्ता नोंदवल्यापासून सहा महिने चालतं, भाषांतर जवळ ठेवा. त्यानंतर लेखी आणि गाडी चालवायची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, तेव्हा गेल्या गेल्या अर्ज टाका. गाडी आईबाबांच्या उपयोगाची नसेल तर विका, उभी ठेवून खराब होते. बॅगेत कुकर इंडक्शनवर चालणारा घ्या, मसाले चालतात, पण तूप, पेढे, खवा नका घेऊ, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.