डिझर्टेशनमध्ये इंग्रजीत व्याख्या कशी लिहायची?

प्रश्न: मी डिक्शनरीतून उचलून 'लिटरसी मीन्स...' लिहिलं, मॅडमनी लाल पेनाने गोल केला, म्हणाल्या तुझ्या अभ्यासापुरती व्याख्या दे. म्हणजे नेमकं काय करू?

उत्तर १: 'मीन्स' बोलताना चालतं गं, पेपरात 'इज डिफाइन्ड अ‍ॅज' किंवा 'रिफर्स टू'. आधी तो शब्द कुठल्या गटातला ते सांग, मग वेगळेपण. 'इज व्हेन' तर नकोच.

उत्तर २: जनगणनेची व्याख्या घे ना, 7 वर्षांपासून पुढचा जो माणूस कुठल्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर. नुसतं वाचता येणारा यात बसतच नाही, बघ किती नेमकी आहे. सुरुवातीला 'इन धिस स्टडी' टाक आणि शेवटपर्यंत तोच अर्थ धर, मी मध्येच बदलला होता, व्हायवात सगळे प्रश्न त्याच्यावरच आले.

प्रश्नकर्ती: अरे देवा, मी नुसती सही येणाऱ्या बायकाही साक्षर धरल्यात, सगळे फॉर्म परत काढते.