पेन्सिल पुशअप: सवयीने लिहून द्यायचे की पुरावा बघून?

नजरेसमोर
मी तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गेल्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. दोन्ही डोळ्यांनी ६/६, चष्म्याची गरज नाही. पण धडा वाचायला दिला की पाच-सात ओळींनंतर एक डोळा तळहाताने झाकून घेते. आरएएफ रूलरवरची (नाकासमोर धरायची मापपट्टी) रेघ नाकाकडे सरकवली, तर १३ सेंटीमीटरवरच तिला एकाच्या दोन रेघा दिसायला लागल्या. हे अंतर जितकं जास्त, तितका दोष जास्त. तिसऱ्या खेपेला १७ वर. म्हणजे सरळसरळ कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी, जवळ बघताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत. माझा हात सवयीने कागदाकडे गेला: 'पेन्सिल पुशअप, रोज १५ मिनिटं.' म्हणजे पेन्सिलचं टोक एकच दिसत राहील असं बघत ती हळूहळू नाकाकडे आणायची. आणि तिथेच अडखळले.

कारण याच दोषावरच्या उपायांची तुलना करणारी २००८ ची सीआयटीटी चाचणी. अमेरिकेतली, ९ ते १७ वयाची २२१ मुलं, १२ आठवडे. दर आठवड्याला क्लिनिकमध्ये तासभर व्यायाम आणि जोडीला घरचा सराव, या गटातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणारी ४३ टक्के. खोटी थेरपी (दिसायला खऱ्यासारखी, पण डोळे वळायला न शिकवणारी) दिलेली ३५ टक्के. पेन्सिल आणि खोट्या थेरपीतला फरक योगायोगाचाही असू शकतो इतका कमी.

एवढं माहीत असून आपण पालकांना त्यातलं काही न सांगता पेन्सिल लिहून देतो. मला हे चूक वाटतं.

कोयनाकाठ
मॅडम, बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. पेन्सिलने बरी झालेली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तुमची ती मुलगी दर आठवड्याला येणार कशी? दोन एसट्या बदलायच्या, वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडवायचा, असं बारा वेळा. पेन्सिलीला पैसा लागत नाही. ती चाचणी झाली तिथे प्रशिक्षित थेरपिस्ट होते. आपल्याकडे जिल्ह्यात असे किती आहेत, मोजून सांगा.

मीनल_ऑप्टो
सर, बरी झालेली मुलं आपल्याला दिसतात, कारण ती परत येतात. जी येतच नाहीत त्यांचं काय झालं हे आपल्याला कळत नाही. खोट्या थेरपीवरही ३५ टक्के सुधारली, म्हणजे नुसता वेळ आणि लक्ष मिळाल्यानेही बरीच मुलं सावरतात. ती आपल्याला 'पेन्सिलने बरी झाली' असं वाटणारच. एवढ्याचसाठी तर तुलनेचा गट लागतो.

आणि त्या चाचणीत घरी व्यायाम करणाऱ्यांना दर आठवड्याला फोन जायचा. आपण तोही करत नाही. त्यामुळे आपल्याकडे ४३ टक्के तरी सुधारतील का, मला शंका आहे.

आंबेमोहर
मी डॉक्टर नाही, पालक आहे. माझ्या मुलाला हेच होतं. शहरातल्या एका सेंटरने 'थेरपी घ्या, अभ्यास सुधारेल' म्हणून मोठं पॅकेज गळ्यात मारलं. डोळे झाकणं बंद झालं, पण मार्क होते तिथेच. मुलगा मात्र स्वतःलाच 'ढ' समजायला लागला, कारण उपाय करूनही जमेना. पेन्सिल वाईट की थेरपी, हे तुम्ही ठरवा. पण मार्कांचं आश्वासन कशाच्या जोरावर देता?

दीपगृह (नेत्रतज्ज्ञ)
आंबेमोहर, तुमचा अनुभव पुराव्याशी जुळतो. याच संशोधकांनी नंतर थेरपीने वाचन सुधारतं का हे बघायला सीआयटीटी-एआरटी ही चाचणी केली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ९ ते १४ वयाची ३११ मुलं, १६ आठवडे. थेरपी घेतलेल्यांचं वाचनाचं आकलन खोटी थेरपी घेतलेल्यांपेक्षा जास्त वाढलं नाही.

धागाकर्तीचं म्हणणं मला त्यामुळेच अर्धंच पटतं. या दुसऱ्या चाचणीत मोजमापं थेरपीने नक्की सुधारली, डोळे जवळ वळायला लागले. पण मुलांनी स्वतः सांगितलेला त्रास दोन्ही गटांत सारखाच कमी झाला. मग २००८ चा ७३ चा आकडा हातात धरून गरीब बापाला बारा फेऱ्या मारायला लावणार का? पुरावा म्हणायचा तर सगळा म्हणा.

नजरेसमोर
डॉक्टर, हे मान्य आहे आणि माझ्या पहिल्या लिखाणात यायलाच हवं होतं. त्या मुलीच्या वडिलांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता, "मार्क वाढतील ना?" मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे त्यांच्या लेखी 'हो' झालं असणार. हे मनातून जात नाही.

पण यावरून 'काहीही चालतं' असं निघत नाही, कोयनाकाठ सर. अशा मुलांना जवळच्या कामासाठी प्रिझमचा (डोळ्यांना कमी वळावं लागेल अशा काचांचा) चष्माही देतात. २००५ च्या चाचणीत मुलांना त्याचा साध्या चष्म्यापेक्षा जास्त उपयोग झाला नव्हता. तो तरी मी आता लिहून देणार नाही. नसत्या खर्चातून एक कुटुंब वाचतं.

कोयनाकाठ
प्रिझमचं मान्य. मीही मुलांना देत नाही. पण येऊच न शकणाऱ्या पोराला मोकळ्या हाताने पाठवू का, याचं उत्तर अजून मिळालं नाही. कागदावरचा उत्तम उपाय पोचलाच नाही तर त्याचा उपयोग काय?

नजरेसमोर
मोकळ्या हाताने नाही. काल वडिलांना फोन करून सगळं सांगितलं: कुठला उपाय सरस ठरला, कुठे फरक दिसला नाही, मार्कांची हमी नाही. ते म्हणाले, गुरुवारी बाजाराला यावंच लागतं, पंधरा दिवसांनी पोरीला घेऊन येतो. मधल्या आठवड्यात मी फोन करणार. घरी पेन्सिलीऐवजी ब्रॉक स्ट्रिंग दिलीय, सुतळीत तीन रंगीत मणी ओवून. तिचं एक टोक नाकाशी धरून मण्याकडे बघितलं की एकीच्या दोन सुतळ्या दिसतात; त्या मण्यावरच एकमेकींना छेदताना दिसल्या की डोळे बरोबर वळले, हे मुलीला स्वतःला कळतं. हा माझा अंदाज आहे, या जोडणीची चाचणी झालेली नाही, तेही त्यांना सांगितलं.

कोयनाकाठ
सुतळीचं मी करून बघतो. पण पंधरा दिवसांच्या हजेरीवर माझा भरवसा नाही, ऊसतोड लागली की बाजारही बंद होतो. सहाव्या आठवड्याला रूलरवर किती आलं ते इथेच लिहा. अंतर वाढलं, म्हणजे बिघडलं असेल तरी लिहा.